कातडीच्या पेशीपासून मेंदूच्या पेशीपर्यंत

आज हिशोबाच्या वहीबद्दल बोलणार नाही. आज एक इतिहास सांगणार आहे. पण त्याची सुरुवात आमच्या बचत गटाच्या सभेतच झाली, म्हणून आधी ते सांगते.

गेल्या वर्षी आमच्या एका गटाच्या मासिक सभेत कर्जाचा अर्ज आला. दीड लाखाचा. अर्ज करणाऱ्या काकू गटातल्या सगळ्यांत जुन्या सभासद. एक हप्ता कधी चुकवला नाही त्यांनी. त्यांचे मालक पूर्वी डेअरीवर दूध मापायचे. चार-पाच वर्षांपासून उजवा हात थरथरतो. आधी दूध सांडायला लागलं, मग काम सुटलं. आता चालताना पाय पुढे पडत नाही, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं, आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात तो. काकूंना कुणीतरी शहरातल्या एका दवाखान्याचं छापील पत्रक दिलं होतं. त्यावर लिहिलेलं, 'स्टेम सेलचं इंजेक्शन, मेंदूच्या पेशी नव्याने तयार, आजार मुळापासून बरा.' तीन इंजेक्शनांचे दीड लाख.

काकू म्हणाल्या, "अगं ताई, तू बीए झालीस. वाच आणि सांग, हे खरं की खोटं?"

मी गप्प बसले. कारण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गटात असाच अर्ज आला होता. एका आईचा, चालता न येणाऱ्या लेकरासाठी. दवाखाना वेगळा, पण पत्रक असंच. तेव्हा मी काही विचारलं नाही. आईची माया बघितली आणि ठरावावर सही केली. इंजेक्शनं झाली. लेकरू होतं तसंच आहे. त्या माउलीचे हप्ते मात्र अजून चालू आहेत. ती मला कधी बोलली नाही, पण समोर आली की माझीच नजर खाली जाते.

म्हणून या वेळी मी म्हटलं, काकू, एक महिना द्या. मी वाचते, विचारते, मग ठरवू. त्या महिन्यात जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

आधी आजार समजून घेऊ. १८१७ साली लंडनमधल्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात सहा माणसांचं वर्णन होतं. त्यांतली काही तर त्यांनी रस्त्याने चालताना बघितलेली. हात थरथरतो, अंग पुढे वाकतं, पावलं बारीक पडतात. त्यांच्याच नावावरून आजाराला नाव पडलं. पण हे का होतं, ते कळायला आणखी सव्वाशे-दीडशे वर्षं गेली.

आपल्या मेंदूत खोल आत एक काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामाइन नावाचं रसायन तयार करतात. हात उचल, पाऊल टाक, हा मेंदूचा हुकूम नीट पोचायला ते लागतं. या आजारात त्या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरायला लागतो तोवर निम्म्याच्या वर पेशी गेलेल्या असतात.

या शोधात आपल्या मातीतल्या दोन वनस्पतींचा हात आहे, बरं का. एक सर्पगंधा. तिच्या मुळीचा रक्तदाबावर उपयोग होतो, हे मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली इंग्लंडच्या मासिकात लिहून जगापुढे मांडलं. पुढे त्या मुळीतून रेसरपिन नावाचं औषध निघालं. १९५७ च्या सुमारास स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तर ससे जागच्या जागी थिजून बसले, कंपवाताच्या माणसासारखे. मग त्यांनी सशांना लेव्होडोपा दिलं, ज्याचं मेंदूत जाऊन डोपामाइन होतं. थोड्याच वेळात ससे उठून पळायला लागले! दुसरी वनस्पती आपली खाजकुइली. जिच्या शेंगेला हात लागला की अंग खाजून जीव नकोसा होतो, तीच. तिच्या बियांत हेच लेव्होडोपा असतं, हे भारतातल्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखवलं होतं. पण म्हणून कुणी त्या बियांचं चूर्ण मनाने खाऊ नका. त्यात औषध किती आहे याचं माप नसतं, आणि गोळ्या चालू असताना ते भलतंच वाढू शकतं.

१९६७ साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपा हळूहळू वाढवत तोंडाने दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. आजही मुख्य औषध तेच आहे. पण गोळी डोपामाइनची उणीव भरून काढते, मेलेली पेशी परत आणत नाही. नळाला पाणी नाही म्हणून टँकर मागवावा तसं. टँकर आला की भागतं, पण विहीर कोरडीच. काही वर्षांनी टँकरच्या फेऱ्या वाढवाव्या लागतात आणि तरी पुरत नाही.

मग डॉक्टरांच्या मनात आलं, विहिरीलाच पाणी आणता येईल का? म्हणजे नव्या पेशीच मेंदूत बसवता येतील का? स्वीडनमधल्या लुंड इथे १९८७ साली गर्भपातातून मिळालेल्या गर्भाच्या मेंदूतल्या पेशी दोन रुग्णांच्या मेंदूत बसवल्या. पुढे आणखी रुग्णांवर हे झालं. काहींना खरंच बरीच वर्षं आराम पडला. पण काहींना फरकच पडला नाही, आणि काहींचं अंग आपोआप वेडंवाकडं हलायला लागलं. शिवाय एका रुग्णासाठी अनेक गर्भ लागत. इतके आणायचे कुठून? आणि आणावेत का? तिथे वाट अडली.

आता जरा मागे जाऊ या, एका शाळेत. १९४९ साल, इंग्लंड. जॉन गर्डन नावाचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. जीवशास्त्रात त्याचा नंबर अडीचशे मुलांत शेवटचा. मास्तरांनी प्रगतिपुस्तकात लिहिलं की हा शास्त्रज्ञ व्हायचं म्हणतो ते हास्यास्पद आहे, त्याचाही वेळ वाया आणि शिकवणाऱ्यांचाही. मोठेपणी गर्डन यांनी ते प्रगतिपुस्तक फ्रेम करून आपल्या टेबलावर ठेवलं होतं.

तेव्हा सगळ्यांना एक कोडं पडलं होतं. आपण सगळे आईच्या पोटात एका पेशीपासून सुरू होतो. त्या एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. मग कुणी कातडी होते, कुणी हाड, कुणी मेंदू. एकदा कातडी झालेली पेशी कातडीच राहते. का? तिच्यातली बाकीची माहिती पुसून जाते, की फक्त मिटून ठेवलेली असते? लग्न होऊन सासरी आलेली बाई माहेरची गाणी विसरते, की नुसती म्हणत नाही, असं विचारल्यासारखं आहे ते.

गर्डन यांनी बेडकाचं अंडं घेतलं आणि त्यातलं केंद्रक, म्हणजे सगळी माहिती साठवलेला भाग, निकामी केला. त्या जागी बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक बसवलं. अशी पुष्कळ अंडी फुकट गेली. पण काहींतून चांगले पोहणारे पिल्लू-बेडूक तयार झाले, आणि पुढे पूर्ण वाढलेले बेडूकही. म्हणजे आतड्याच्या पेशीत अख्खा बेडूक घडवायची माहिती शाबूत होती. काही पुसलं गेलं नव्हतं. हे १९६२ साली छापून आलं. पुष्कळांनी विश्वासच ठेवला नाही. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून डॉली नावाची मेंढी जन्मली. २७७ वेळा प्रयत्न केल्यावर एक डॉली. तेव्हा कुठे सगळ्या जगाला पटलं.

पण यातही अंडं लागतंच होतं. बेडकाचं अंडं तळ्यातून आणता येतं. माणसाचं कुठून आणणार? बाईकडूनच. ही गोष्ट आपण बायकांनी नीट ऐकावी अशी आहे.

१९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या अगदी सुरुवातीच्या गर्भातून अशा पेशी वाढवल्या, ज्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकते. त्यांनाच मूळपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. मग जगभर चढाओढ लागली. २००४ आणि २००५ साली दक्षिण कोरियातल्या ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाने जाहीर केलं की त्याने स्त्रीबीज वापरून माणसाच्याच पेशीपासून मूळपेशी बनवल्या. देशभर जयजयकार झाला. टपालाचं तिकीटसुद्धा निघालं. पुढे उघड झालं की मूळपेशी बनवल्याच नव्हत्या, आकडे आणि फोटो खोटे होते. या खोट्या कामासाठी शंभराहून जास्त बायकांची दोन हजारांहून जास्त स्त्रीबीजं वापरली गेली होती. काहींना पैसे दिले होते. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या दोन तरुणींचीही त्यात होती. स्त्रीबीज काढायला इंजेक्शनं घ्यावी लागतात, त्रास होतो, कधी जीवावर बेततं. बाईच्या अंगातून काढलं आणि खोट्यापायी वाया घालवलं. २००६ च्या जानेवारीत ते लेख रद्द झाले.

त्याच २००६ साली, ऑगस्टमध्ये, जपानमधून खरी बातमी आली. तिला अंडंही लागत नव्हतं आणि गर्भही.

शिन्या यामानाका यांचा जन्म १९६२ चा, म्हणजे गर्डन यांचं बेडकाचं काम छापून आलं त्याच वर्षीचा. वडिलांचा शिवणयंत्राचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना होता. यामानाका आधी हाडांचे डॉक्टर झाले. पण ऑपरेशनात हात चालेना. दहा-वीस मिनिटांच्या कामाला त्यांना तास लागला, तेव्हा बरोबरच्या डॉक्टरांनी चिडवायला 'जामानाका' नाव ठेवलं. जपानी भाषेत 'जामा' म्हणजे अडथळा. बरे न होणारे रुग्ण रोज डोळ्यांसमोर होते. वडीलही यकृताच्या आजारात गेले. तेव्हा त्यांनी ठरवलं की आपण संशोधन करावं.

त्यांचा प्रश्न सरळ होता. अंड्यात असं काय असतं की ते जुन्या पेशीला पुन्हा लहान करतं? त्यांनी मूळपेशींत जागी असलेली २४ जनुकं निवडली. जनुक म्हणजे पेशीला हुकूम देणारी एकेक ओळ समजा. त्यांचा विद्यार्थी काझुतोशी ताकाहाशी यांनी ही जनुकं एकेक करून उंदराच्या कातडीच्या पेशींत घातली. काहीच झालं नाही. मग सगळी २४ एकदम घातली, तर थोड्या पेशी मूळपेशींसारख्या झाल्या! पण २४ मधली कामाची कुठली?

आपण मसाला करतो ना, तसं बघा. चोवीस जिन्नस घालून मसाला फक्कड झाला, पण नेमकी चव कशाने आली ते कळायचं तर एका वेळी एक जिन्नस वगळून मसाला करायचा. धणे वगळून बघा, दगडफूल वगळून बघा. ज्याच्यावाचून चव बिघडली, तो गरजेचा. ताकाहाशी यांनी तेच केलं. २४ मधून एका वेळी एक वगळायचं. शेवटी चारच उरली. चार जनुकं घातली की कातडीची पेशी आपलं कातडीपण विसरते आणि मूळपेशी होते. मग तिला योग्य खाद्य आणि रसायनं देऊन हृदयाची करा, नाहीतर मेंदूची.

२००७ च्या नोव्हेंबरात त्यांनी हेच माणसाच्या पेशींवर करून दाखवलं. त्या पेशी होत्या एका ३६ वर्षांच्या बाईच्या चेहऱ्याच्या कातडीतल्या. २०१२ साली गर्डन आणि यामानाका यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं. स्वीडनहून फोन आला तेव्हा यामानाका घरी खडखडणारं धुण्याचं मशीन दुरुस्त करत होते म्हणे.

मग लगेच रुग्णांना पेशी टोचायला सुरुवात झाली का? नाही. आणि मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते इथेच.

यामानाकांच्याच प्रयोगशाळेत अशा पेशींपासून उंदरांची पिल्लं केली, तर सुमारे वीस टक्के पिल्लांना गाठी झाल्या. चार जनुकांतल्या एकाचा कॅन्सरशी संबंध आहे. हे त्यांनी लपवलं नाही. स्वतःच छापलं, आणि त्या जनुकावाचून काम कसं होईल याच्या मागे लागले.

पेशी माणसाला टोचायच्या आधी तिचा दुसरा उपयोग झाला. जिवंत माणसाच्या मेंदूतला तुकडा काढून आजार बघता येत नाही. पण कातडीचा कण घेता येतो. २००८ साली हार्वर्ड विद्यापीठात केव्हिन एगन आणि त्यांच्या सोबत्यांनी एका ८२ वर्षांच्या आजीच्या कातडीच्या पेशी घेतल्या. आजींना एएलएस होता. या आजारात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात आणि माणूस हळूहळू लुळा पडतो. आजींच्या कातडीपासून मूळपेशी केल्या आणि त्यांच्यापासून त्यांच्याच चेतापेशी, काचेच्या बशीत. आजार बशीत वाढवायचा आणि त्यावर औषधं घालून बघायची. जपानच्या केइओ विद्यापीठात हिदेयुकी ओकानो यांनी अशाच पेशींवर बाराशेच्या वर औषधं तपासली. त्यांतून रोपिनिरोल नावाची गोळी निघाली. ती कंपवातासाठी आधीपासून बाजारात होती! एएलएसच्या २० रुग्णांवर तिची छोटी चाचणी झाली, २०२३ साली निकाल छापला. आजार वाढायचा वेग कमी झाल्यासारखं दिसलं. बरा झाला असं कुणी म्हटलं नाही. मोठी चाचणी लागेल, असंच म्हटलं.

नव्या पेशी माणसाला पहिल्यांदा बसवल्या २०१४ साली, जपानमधल्या कोबे इथे. करणारी डॉक्टर बाई होती, मासायो ताकाहाशी. रुग्णही सत्तरीतली बाई. तिच्या डोळ्याच्या पडद्यामागचा थर तिच्याच कातडीपासून बनवून बसवला. दुसरा रुग्ण तयार होता. पण त्याच्यासाठी केलेल्या पेशींत तपासणीत काही बदल दिसले. मासायोंनी काम थांबवलं. रुग्ण वाट बघतोय, जग बघतंय, तरी थांबवलं.

त्यांचे मालक जुन ताकाहाशी हे क्योटोला मेंदूचे सर्जन. २०१८ च्या ऑक्टोबरात त्यांच्या गटाने कंपवाताच्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूत अशा सुमारे २४ लाख पेशी सोडल्या. कवटीला छिद्र पाडून, नेमक्या जागी. एकूण सात रुग्ण, ५० ते ६९ वयाचे. प्रत्येकावर दोन वर्षं नजर ठेवली. एप्रिल २०२५ मध्ये निकाल छापला. गाठ कुणाला झाली नाही, गंभीर अपाय झाला नाही. सहा जणांचा फरक मोजला, त्यांतल्या चौघांच्या हालचाली गोळीचा असर नसतानाही सुधारल्या. बसवलेल्या पेशी डोपामाइन करतात, हेही दिसलं.

मैत्रिणींनो, ही आनंदाची बातमी आहे. पण मोजून बघा. १९६२ ते २०२५, त्रेसष्ट वर्षं. आणि हाती काय, तर सात माणसं. तेही म्हणतात की आता आणखी रुग्णांवर बघावं लागेल.

महिना संपला. मी ते पत्रक आणि हा इतिहास शेजारी शेजारी ठेवला. पत्रकात पेशी कुणाच्या, कशापासून केल्या, काही नाही. इंजेक्शन दंडात किंवा कमरेत, आणि पेशी मेंदूत आपोआप जाणार. जपानच्या डॉक्टरांना कवटीला छिद्र का पाडावं लागलं मग? किती जणांना दिलं, किती जणांना गुण आला, कुठे छापलं, काही नाही. फक्त 'शंभर टक्के' आणि रक्कम.

मग आपल्या देशाचे नियमही कळले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मूळपेशींचा मान्य उपचार आहे तो रक्ताच्या ठरावीक आजारांत, ज्याला आपण बोनमॅरो बदलणं म्हणतो. बाकी कुठल्याही आजारात मूळपेशी द्यायच्या तर फक्त मंजूर चाचणीत. आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात.

तेव्हा असं पत्रक तुमच्या गटात आलं तर हे विचारा. ही चाचणी आहे की उपचार? चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला तिचा नंबर द्या. ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते, कॉलेजात जाणाऱ्या लेकीला सांगा, ती काढून देईल. नैतिकता समितीची मंजुरी दाखवा. संमतीपत्र मराठीत द्या. अपाय झाला तर भरपाई कोण देणार? आणि पैसे का घेता? उत्तरं मिळाली नाहीत तर उठून यायचं.

सभेत मी हे सगळं वाचून दाखवलं. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे खरं आहे, पण आपल्या दारात अजून आलं नाही." मला एवढं सोपं करून सांगता आलं नसतं.

दीड लाखाचा ठराव झाला नाही. पंधरा हजारांचा झाला, मेंदूच्या डॉक्टरांकडे नीट तपासणी, गोळ्या आणि येण्याजाण्यासाठी. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या आणि रोज करायचे व्यायाम शिकवले. काका बरे झालेले नाहीत. हात थरथरतो. पण सकाळची गोळी लागू पडली की सदऱ्याची गुंडी स्वतः लावतात आणि देवळापर्यंत चालत जातात.

त्या दुसऱ्या माउलीकडेही मी गेले. झालेलं परत येत नाही. मी तिला म्हटलं, माझी चूक झाली, मी विचारायला हवं होतं. तिच्या उरलेल्या हप्त्यांवरचं व्याज माफ करावं, असा विषय तिच्या गटाच्या पुढच्या सभेत ठेवला आहे. बायका काय ठरवतात बघू.

तुमच्याकडे असं पत्रक आलं असेल तर फाडू नका, सभेत आणा आणि मोठ्याने वाचा.